डेंटल घ्यावं का?

दंतवैद्यक आणि वैद्यक या दोन वाटा महाराष्ट्रात एकाच परीक्षेतून फुटतात. ‘नीट’च्या ७२० गुणांवर राज्याचा सीईटी कक्ष जे प्रवेश देतो, त्यांत एमबीबीएस आणि बीडीएस हे दोन्ही अभ्यासक्रम ‘अ’ गटात मोडतात. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी ‘ब’ गटात आणि फिजिओथेरपी वगैरे ‘क’ गटात. पसंतीक्रम भरताना विद्यार्थी आधी एमबीबीएसची सगळी महाविद्यालये लिहितो आणि ती संपली की बीडीएसची लिहायला घेतो. अशा रीतीने दंतवैद्यक हा उरलेल्यांचा अभ्यासक्रम ही समजूत पसंतीच्या त्या यादीतच पक्की होते. दोन्ही कामांत मुळात काय फरक आहे, हा विचार बहुतेक घरांत यादी लागल्यानंतर सुरू होतो, तोही राउंडच्या तारखा डोक्यावर असताना.

२०२५ च्या नीटला देशभरातून सुमारे २२ लाख विद्यार्थी बसले आणि १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत-बाहेर आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास खासगी व अभिमत संस्थांत. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांपैकी एकालाच मेडिकलची जागा मिळते, आणि परवडेल अशी जागा वीसांतल्या एकाला. बीडीएसच्या जागा २७-२८ हजारांच्या घरात आहेत. शासकीय एमबीबीएसचा कट-ऑफ थोडक्यात हुकला, खासगी एमबीबीएसची फी घराच्या आवाक्याबाहेर आहे, अशा पट्ट्यात अडकलेल्या मुलांसाठी चार रस्ते उरतात: ड्रॉप घेऊन पुन्हा नीट, बीडीएस, बीएएमएस किंवा परदेशातले एमबीबीएस. डेंटलचा प्रश्न खरा असतो तो या पट्ट्यातल्या घरांपुढे.

अहिल्यानगर जिल्ह्यात तो अधिक ठळक दिसतो. (नाव २०२४ मध्ये बदलले, बोलण्यात अजून ‘नगर’च आहे.) इथे दंत महाविद्यालये तीन आहेत: राहाता तालुक्यात लोणीला प्रवरा अभिमत विद्यापीठाचे रूरल डेंटल कॉलेज, संगमनेरला लागून घुलेवाडी-अमृतनगर येथे एसएमबीटी दंत महाविद्यालय आणि नगर शहराजवळ यशवंतराव चव्हाण दंत महाविद्यालय. वैद्यकीय महाविद्यालये दोन, लोणीचे रूरल मेडिकल कॉलेज आणि विळद घाटातले विखे पाटील फाउंडेशनचे. ही पाचही खासगी. जिल्ह्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले ते ६ मे २०२५ रोजी, अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावी चौंडी येथे भरलेल्या मंत्रिमंडळ बैठकीत. १०० विद्यार्थी आणि ४३० खाटांचे रुग्णालय अशी ती योजना आहे. शासकीय दंत महाविद्यालय मात्र जिल्ह्यात नाही. सरकारी फीमध्ये दंतवैद्यक शिकायचे तर नगरच्या मुलाला छत्रपती संभाजीनगर, मुंबई किंवा नागपूर गाठावे लागते, नाहीतर मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय.

हा नकाशा उसातून उगवला. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना सुरू केला आणि त्याभोवती शाळा, रुग्णालय, तंत्रनिकेतन असे एकेक उभे राहत गेले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले; लोणीचे वैद्यकीय महाविद्यालय लगेच १९८४ चे. संगमनेरचे दंत महाविद्यालयही तिथल्या साखर कारखान्याच्याच परिसरातले. दात किडवणारा पदार्थ पोत्यांनी बाहेर पडतो आणि कुंपणापलीकडे दात वाचवण्याचे शिक्षण चालते, हा योगायोग दोन्ही गावांत सारखा आहे. त्या काळात विनाअनुदानित महाविद्यालयांच्या चालकांवर ‘शिक्षणसम्राट’ म्हणून टीका खूप झाली, तीतली बरीच रास्त होती. पण या संस्था नसत्या तर लोणीसारख्या खेड्यात दात बसवून देणारे रुग्णालय पुढची पन्नास वर्षे उभे राहिले नसते, हेही तितकेच खरे.

दंतवैद्यक वैद्यकापासून वेगळे का, याचे उत्तर शरीरशास्त्रात नाही, इतिहासात आहे. जगातले पहिले स्वतंत्र दंत महाविद्यालय १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला निघाले. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाने दंतशास्त्राला आपल्यात घ्यायला नकार दिला, म्हणून होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांनी वेगळी चूल मांडली, असे सांगितले जाते. ब्रिटननेही दंतवैद्यांची वेगळी नोंदणी स्वीकारली आणि ती पद्धत वसाहतींमध्ये आली. युरोपातल्या इटली, स्पेन, ऑस्ट्रिया अशा देशांत मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आधी वैद्यकाची पदवी आणि मग दातांचे विशेष शिक्षण असाच क्रम होता. डोळ्यांचा डॉक्टर आधी एमबीबीएस होतो आणि दातांचा होत नाही, यामागे याहून खोल तर्क शोधू नये. भारतात रफीउद्दीन अहमद यांनी अमेरिकेत शिकून येऊन १९२० मध्ये कलकत्त्याला पहिले दंत महाविद्यालय काढले. १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टने या व्यवसायाला कायद्याची चौकट दिली आणि १९४९ मध्ये डेंटल कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाली. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये नॅशनल डेंटल कमिशन अ‍ॅक्ट संमत केला.

अभ्यासक्रमाकडे वळल्यावर दोन शिक्षणांतले अंतर नीट दिसते. बीडीएस चार वर्षे अधिक एक वर्ष इंटर्नशिप. एमबीबीएस साडेचार अधिक एक. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन दोन्हीकडे असते. डेंटलला डोके आणि मान यांवर भर. त्याच वर्षी डेंटलचा विद्यार्थी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला बसतो. वरचा पटाशीचा दात, सुळा, उपदाढ, दाढ. प्रत्येकाच्या कंगोऱ्यांचे माप ठरलेले असते आणि चूक झाली की ठोकळा टाकून नवा घ्यायचा. बारावीपर्यंत फक्त पर्यायांचे गोल काळे केलेल्या मुलांना हा पहिला धक्का असतो. नीटमध्ये ६०० गुण पडलेल्या हाताला दाढ कोरता येईलच असे नाही, आणि ही गोष्ट प्रवेशाआधी कुठेही तपासली जात नाही.

दुसऱ्या वर्षी प्लास्टर, अ‍ॅक्रिलिक, सिमेंट, मिश्रधातू अशा सामग्रीचा अभ्यास आणि ‘फॅन्टम हेड’ नावाच्या कृत्रिम डोक्यावर सराव. काढलेले खरे दात गोळा करून त्यांवर खड्डे करायचे आणि भरायचे. या दातांसाठी विद्यार्थी ओळखीच्या दवाखान्यांकडे बाटल्या ठेवून येतात. तिसऱ्या वर्षी जनरल मेडिसिन आणि जनरल सर्जरी हे दोन मेडिकलचेच विषय असतात, आणि त्याच वर्षापासून पेशंट हाती येतो. शेवटच्या वर्षापर्यंत ठरावीक संख्येने दात काढणे, दात भरणे, कवळ्या बनवणे असा कोटा पूर्ण करावा लागतो. कोटा भरत आला नाही की मुले नातेवाइकांना, मेसच्या मावशींना, वडाप जीपच्या ड्रायव्हरला कॉलेजच्या खुर्चीत आणून बसवतात.

इथे खरा फरक आहे. एमबीबीएसचा विद्यार्थी इंटर्नशिपपर्यंत मुख्यतः पाहतो, विचारतो, तपासतो, नोंदी करतो. निर्णय वरिष्ठांचा असतो. डेंटलचा विद्यार्थी विशीतच जिवंत माणसाच्या दातावर ड्रिल चालवतो आणि त्याने कापलेले इनॅमल पुन्हा येत नाही. मेडिकलचे ओझे स्मरणशक्तीवर अधिक पडते: १९ विषय, आजारांची अफाट व्याप्ती, अनिश्चिततेत घ्यायचे निर्णय. डेंटलचे ओझे बोटांवर, डोळ्यांवर आणि पाठीवर पडते. मान वाकवून मिलिमीटरच्या अंशात काम करण्याची किंमत चाळिशीत मणक्यांकडून वसूल होते. दंतवैद्यांमधले मान-पाठीचे दुखणे हा व्यवसायाचाच भाग समजला जातो. एकाला माणसाच्या आजाराचे कोडे उलगडायला आवडते, दुसऱ्याला हाताने एखादी वस्तू घडवून पुरी करायला. डेंटल आणि मेडिकल यांत निवड करायची तर ती या स्वभावावर व्हायला हवी. प्रत्यक्षात ती होते पर्सेंटाइलवर.

पैशाचे गणित त्याहून टोकदार आहे. शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसची फी वर्षाला साधारण दीड लाखाच्या आसपास, अभिमत विद्यापीठात ती वीस लाखांच्या आगेमागे. खासगी बीडीएसची फी बऱ्याच ठिकाणी दोन ते चार लाखांत बसते, अभिमत विद्यापीठात त्याहून वर. इथे नगरच्या पालकांनी एक बारकावा लक्षात घ्यावा. लोणीची संस्था २००३ पासून अभिमत विद्यापीठ आहे. तिच्या जागा राज्याच्या सीईटी कक्षाकडे नसून केंद्राच्या एमसीसी समुपदेशनातून देशभरासाठी भरल्या जातात आणि राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण तिची फी ठरवत नाही. लोणी-राहात्याच्या मुलाला कॉलेज घरापासून सायकलच्या अंतरावर असते, पण प्रवेशात त्याचा हक्क केरळ किंवा दिल्लीच्या मुलाइतकाच. संगमनेर आणि नगरची महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असून त्यांच्या बहुतांश जागा राज्याच्या फेऱ्यांतून जातात. २०२० च्या सप्टेंबरपर्यंत राज्यात ७०:३० ची प्रादेशिक अट होती आणि नगर ‘उर्वरित महाराष्ट्रा’त मोजला जाई. ती अट गेल्यापासून मराठवाडा-विदर्भाशी सरळ स्पर्धा आहे; लातूरची शिकवणी पाहता ही स्पर्धा सोपी झाली असे म्हणता येत नाही.

राज्याच्या फेरीतून प्रवेश घेण्याचा दुसरा फायदा सवलतींचा. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शुल्कमाफी किंवा शिष्यवृत्ती आधीपासून आहे. जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्नाच्या घरांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे शिक्षण शुल्क व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण माफ झाले, खासगी महाविद्यालयांतही. अभिमत विद्यापीठे आणि व्यवस्थापन कोटा त्यातून वगळलेले. त्यामुळे शेवगाव-पाथर्डीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीला संगमनेरचे बीडीएस जवळपास वसतिगृहाच्या खर्चात पडू शकते, तर तिच्याच गुणांवर अभिमत विद्यापीठातले तेच बीडीएस घराला पंचवीस-तीस लाखांच्या कर्जात ढकलू शकते. कोर्स तोच, पदवी तीच.

बीडीएसच्या जागा रिकाम्या राहतात ही गोष्टही फीशी जोडलेली आहे. २०२०-२१ मध्ये देशात सुमारे सात हजार जागा उरल्या, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. देशात आधीच पुरेसे दंतवैद्य आहेत, दर ६,०८० लोकांमागे एक, जागतिक आरोग्य संघटनेच्या ७,५०० च्या मापापेक्षा हे बरे, असे केंद्राचे म्हणणे होते. न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात पात्रतेची पर्सेंटाइल दहाने खाली आणायला सांगितले आणि खासगी दंत महाविद्यालयांनी फी कमी करण्याचा विचार करावा, असेही सुचवले. दहा पर्सेंटाइल लगेच खाली आली. फीबद्दलची सूचना सूचनाच राहिली.

दर ६,०८० लोकांमागे एक दंतवैद्य हा सरासरीचा आकडा गावात फसवतो. नोंदणीकृत दंतवैद्यांपैकी बहुसंख्य शहरांत आहेत. नगरच्या सावेडीत एका रस्त्यावर डेंटल क्लिनिकच्या पाट्या मोजताना कंटाळा येतो. जामखेड किंवा अकोले तालुक्याच्या आतल्या गावात दाढ दुखली की एसटी पकडावी लागते. त्याला कारण सरकारी व्यवस्थेची रचना. प्राथमिक आरोग्य केंद्रात एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद असते, ते न भरल्यास बीएएमएसवाल्याला घेतात. दंतवैद्याचे पद तिथे नाही. ते सुरू होते ग्रामीण रुग्णालयापासून, तेही एखादे आणि पुष्कळदा कंत्राटी. म्हणजे शासकीय एमबीबीएस झालेल्याला एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेची सक्ती आहे (ती टाळली तर दहा लाख दंड), तर बीडीएस झालेल्याला सेवा करायची असली तरी खुर्ची शोधावी लागते. लष्कराचे डेंटल कोअर, एमपीएससीमार्फत निघणारी मोजकी पदे आणि दंत महाविद्यालयांतल्या अध्यापकांच्या जागा सोडल्या, तर सरकारी नोकरी हे डेंटलचे ध्येय होऊ शकत नाही. डेंटल घेणे म्हणजे बहुतेकांसाठी स्वतःचे दुकान मांडणे. हे प्रवेशाच्या दिवशीच कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

दुकान मांडायला भांडवल लागते. साधी देशी डेंटल चेअर, कॉम्प्रेसर, एअरोटर, ऑटोक्लेव्ह, लाइट क्युअर, स्केलर, डिजिटल एक्स-रेचा सेन्सर. तालुक्याच्या गावी भाड्याच्या गाळ्यात छोटे क्लिनिक थाटायलाही काही लाख लागतात. एक्स-रे मशीनसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था हेही आलेच. एमबीबीएस झालेला डॉक्टर स्टेथोस्कोप आणि टेबल-खुर्चीवर दवाखाना उघडू शकतो. दंतवैद्याला विजेवाचून आणि पाण्यावाचून एक दातही भरता येत नाही, आणि भारनियमनाचे वेळापत्रक पाहून अपॉइंटमेंट द्यायचे दिवस या जिल्ह्याने पाहिले आहेत. बीडीएसनंतर लगेच स्वतःचे क्लिनिक टाकणारे कमी. बहुतेक जण दोन-तीन वर्षे एखाद्या सीनिअरकडे असिस्टंट म्हणून राहतात. हात तिथे बसतो, पैसा तुटपुंजा मिळतो. घरात आधीच कुणी दंतवैद्य असेल तर ही वर्षे वाचतात. नसेल तर बीडीएसच्या पाच वर्षांत ही तीन मिळवूनच हिशेब करावा.

पेशंट येतो कसा आणि कधी, यावर क्लिनिकचे भवितव्य ठरते. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावच्या क्लिनिकमध्ये आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी होते. दुखणे आठवडाभर, कधी महिनाभर लवंग, तंबाखूची चिमूट आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर दाबलेले असते. पहिली मागणी एकच: दात काढून टाका. रूट कॅनॉल करून दात वाचतो हे पटवावे लागते, आणि ते करून वर कॅप बसवेपर्यंत तीन-चार खेपा होतात. दर खेपेला मजुरी बुडते. वरची दाढ काढली की नजर अधू होते ही समजूत अजून मेलेली नाही, त्यामुळे जी दाढ खरोखर काढायला हवी तीच ठेवा म्हणणारेही भेटतात. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोडणीला जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्यासाठी चार भेटींचा उपचार कागदावरच राहतो. आरोग्य विम्यातही दातांचे नेहमीचे उपचार सहसा बसत नाहीत, अपघाताने झालेली इजा तेवढी बसते. पेशंट खिशातूनच देतो, म्हणून घासाघीसही दाराशीच होते. मेडिकलच्या पदरात विम्याची योजना असते, डेंटलच्या पदरात गिऱ्हाईक.

आजार मात्र भरपूर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे. नगर जिल्ह्यात त्यात तंबाखूची भर. खेड्यातल्या बायका दात घासायला मशेरी लावतात, घासून झाल्यावरही ती तोंडात धरून बसतात. पुरुषांत गायछाप तंबाखू आणि चुना, तरुणांत मावा. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा बंद केला. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून दिलेला मावा चौकाचौकांत मिळत राहिला. सुपारीमुळे तोंडाचे आतले अस्तर ताठ होत जाते, तीन बोटे मावणाऱ्या तोंडात दोन मावत नाहीत, मग एकही नाही. तिखट सोसत नाही, भाकरीचा मोठा घास जात नाही. या विकाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. त्यातून कर्करोग होऊ शकतो आणि तो सर्वांत आधी दिसतो दंतवैद्याला. पंचविशीतला मुलगा दाढ दुखते म्हणून येतो आणि खुर्चीत तोंडच उघडत नाही, हे दृश्य जिल्ह्यातल्या कोणत्याही दंत महाविद्यालयाच्या ओपीडीला नवे नाही. दंतवैद्य म्हणजे सौंदर्याचा, पांढऱ्या हास्याचा व्यवसाय, असे ज्यांना वाटते त्यांनी ही ओपीडी पाहिलेली नसते.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस आला. महाराष्ट्र सर्वाधिक रुग्णसंख्येच्या राज्यांत होता. बुरशीने खाल्लेले वरचे जबडे काढणे आणि नंतर त्या पोकळीवर कृत्रिम टाळू बसवणे या कामांत एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेले मुखशल्यचिकित्सक आणि कृत्रिम दात बसवणारे तज्ज्ञ पुढे होते. डेंटल आणि मेडिकल यांच्या मधली भिंत त्या काही महिन्यांत शस्त्रक्रियागृहात तरी उरली नव्हती.

पदव्युत्तर शिक्षणाचे चित्र दोन्हीकडे अवघड आहे, तऱ्हा वेगळी. एमबीबीएसनंतर नुसते ‘एमबीबीएस’ राहणे आता कमी जणांना मानवते. फॅमिली डॉक्टरची जागा नगर जिल्ह्यात बीएएमएस-बीएचएमएस डॉक्टरांनी कधीच व्यापली आहे, आणि शहरात पेशंट थेट एमडी, एमएसकडे जातो. म्हणून नीट-पीजीला दरवर्षी दोन लाखांहून अधिक डॉक्टर बसतात. जागा पंच्याहत्तर हजारांच्या आसपास. रेडिओलॉजी, मेडिसिन मिळवायला एकदोन वर्षे पुन्हा अभ्यासिकेत जातात आणि हातात खरे काम येईपर्यंत तिशी येते. डेंटलला एमडीएसच्या जागा मोजक्या, नऊ शाखा, तीन वर्षे. ऑर्थोडॉन्टिक्स, एन्डोडॉन्टिक्स, प्रोस्थोडॉन्टिक्स, मुखशल्यचिकित्सा यांना मागणी. ओरल पॅथॉलॉजी आणि पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीच्या जागा रिकाम्या राहतात. फरक असा की, एमबीबीएसला पीजी ही जवळपास गरज झाली आहे, तर चांगला हात असलेला बीडीएस पीजीशिवायही तालुक्याच्या गावी तीस वर्षे सन्मानाने प्रॅक्टिस करू शकतो. डेंटलच्या बाजूने मांडता येणारा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि जाहिरातींत तो क्वचित असतो.

मुलींच्या बाबतीत डेंटलची शिफारस वेगळ्या कारणाने होते. दंत महाविद्यालयांच्या वर्गांत आज मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा स्पष्ट जास्त आहे. घरातले मोठे म्हणतात, नाइट ड्युटी नाही, इमर्जन्सी नाही, लग्नानंतर घराखाली क्लिनिक काढता येईल. यातले पहिले दोन खरे. तिसऱ्यात एक अडचण दडलेली असते. दंतवैद्याचे पेशंट त्या गावाशी, त्या गल्लीशी बांधलेले असतात. राहुरीत पाच वर्षे जमवलेली प्रॅक्टिस लग्न होऊन चाकणला नेता येत नाही. एमडी झालेली बाई कोणत्याही शहरातल्या रुग्णालयात पगारावर रुजू होऊ शकते, बीडीएस झालेलीला पुन्हा खुर्ची विकत घ्यावी लागते. घराला सोयीचे म्हणून निवडलेला अभ्यासक्रम तिच्या स्वतःच्या स्वातंत्र्याला सोयीचा असेलच असे नाही.

डेंटलला जाऊन मग मेडिकलला वळू, हा विचार अनेकांच्या मनात पहिले वर्षभर घोळतो. नीट देण्याच्या प्रयत्नांवर मर्यादा नाही आणि कमाल वयाची अट निघाली आहे, त्यामुळे कायद्याने वाट मोकळी आहे. पण ठरावीक तारखेनंतर जागा सोडली तर दंड भरावा लागतो आणि मेणाचे दात कोरता कोरता भौतिकशास्त्राची उजळणी फार थोड्यांना जमते. बीडीएस झालेल्यांना छोटा ब्रिज कोर्स करून एमबीबीएसच्या रांगेत घ्यावे, असा प्रस्ताव डेंटल कौन्सिलकडून आला होता. इंडियन मेडिकल असोसिएशनने विरोध केला आणि तो पुढे सरकला नाही. उलट दिशेने, नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या शल्य-शालाक्य पदव्युत्तरांना ५८ शस्त्रक्रियांची जी मुभा दिली गेली, तिच्यात दात काढणे आणि रूट कॅनॉलही होते. वैद्यकाच्या शाखांमधल्या सरहद्दी सरकत आहेत, पण त्या कुणाच्या बाजूने सरकतील यावर करिअर बेतणे शहाणपणाचे नाही. परदेशाची वाटही सरळ नाही: भारतीय बीडीएसला अमेरिकेत पुन्हा दोन-तीन वर्षे शिकावे लागते, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात त्यांच्या परीक्षा द्याव्या लागतात.

बीएएमएसशी तुलना वेगळी पडते. नगरचे गंगाधरशास्त्री गुणे आयुर्वेद महाविद्यालय शंभरीच्या पुढचे आहे आणि गावोगावचा ‘डॉक्टर’ बहुधा अशाच महाविद्यालयातून आलेला असतो. सर्दी-तापाच्या प्रॅक्टिसवर चरितार्थ चालवायचा असेल तर बीएएमएसला भांडवल कमी आणि पेशंट लवकर. पण त्यात बहुतेक जण शिकतात आयुर्वेद आणि लिहितात अ‍ॅलोपॅथी. बीडीएसला ही कसरत नाही. जे शिकतो तेच करतो. व्यवसायाच्या प्रामाणिकपणाला ज्यांच्या लेखी मोल आहे, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

सगळे मांडून झाल्यावर निर्णय असा निघतो. शासकीय एमबीबीएस थोडक्या गुणांनी हुकले असेल आणि ओढ निदानाकडे, रुग्णालयाकडे असेल, तर एक ड्रॉप घ्यावा, फार तर दुसरा. तिसरा घेऊ नये. राज्याच्या फेरीतून, सवलतीच्या फीमध्ये बीडीएस मिळत असेल आणि मुलाला हाताचे काम रुचत असेल, तर ते पहिल्या पसंतीसारखे घ्यावे. अभिमत विद्यापीठात कर्ज काढून बीडीएस, आणि पुढे क्लिनिकसाठी पुन्हा कर्ज, हा व्यवहार शेतीवर चालणाऱ्या घराने करू नये. आणि चॉइस भरण्याआधी मुलाने लोणी, संगमनेर किंवा नगरच्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत एक सकाळ घालवावी. स्वतःचा दात दाखवायच्या निमित्तानेही जाता येते. शिकाऊ डॉक्टर तपासतात, केस पेपरला नाममात्र पैसे पडतात.